काळी, पांढरी आणि पाणी : दख्खनच्या गावाने आपली जागा कशी निवडली

दख्खनच्या पठारावर गाव कोठे वसवावे हा प्रश्न शेतकरी समाजापुढे किमान साडेतीन हजार वर्षे पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे, आणि पाणी, माती, उंचवटा व संरक्षण या चार गोष्टींचा मेळ घालूनच त्याचे उत्तर दर वेळी शोधले गेले आहे. या चारांपैकी एकही गोष्ट सर्व ठिकाणी सारखी मिळत नसे. नदीकाठी पाणी असे, पण पुराचे भय असे. डोंगरावर संरक्षण असे, पण उन्हाळ्यात टाकी आटत. सपाट काळ्या रानात पीक उत्तम येई, पण त्याच मातीवर घराची भिंत टिकत नसे. त्यामुळे राहण्याची आदर्श जागा म्हणजे सर्व गुण एकत्र असलेली जागा, असा विचार येथील कुणब्याने कधी केला नाही; कोणती उणीव सोसता येईल आणि कोणती सोसता येणार नाही याचा हिशेब त्याने केला. या हिशेबाचा इतिहास मुख्यतः जमिनीत, आणि काही प्रमाणात कागदांत, आजही वाचता येतो.

या विचाराची मूळ चौकट काळी आणि पांढरी या दोन शब्दांत सामावलेली आहे. काळी म्हणजे गावाची लागवडीची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, अर्थात गावठाण. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हे शब्द जमिनीपुरते मर्यादित न राहता गावच्या समाजाचेही वाचक झालेले दिसतात, आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात महसूल खात्यात काम केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी गावाची मांडणी याच विभागणीच्या आधारे समजावून सांगितली आहे. ही विभागणी रूढीने पक्की झाली असली तरी तिचा पाया मातीच्या गुणधर्मात आहे. अग्निजन्य बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या काळ्या मातीत पाणी धरून ठेवणारी चिकणमाती विपुल असते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात-हात खोल भेगा पडतात. ज्वारी, कापूस, हरभरा यांना हा गुण मानवतो, कारण पावसाळा सरल्यावरही ओल टिकून राहते. पण त्याच मातीवर रचलेल्या भिंतीचा पाया दर वर्षी वर-खाली होतो. म्हणून पोट भरणाऱ्या जमिनीवर घर बांधायचे नाही आणि घरासाठी मुरमाड, निचऱ्याचा, पिकाला फारसा उपयोगी नसलेला उंचवटा निवडायचा, हा नियम रुजला. त्यामुळे सुपीक जमिनीचा एक वाफाही वाया जात नसे आणि घरही कोरडे राहत असे.

पांढरीचा पांढुरकेपणा हा वस्तीचाच परिणाम असतो. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, हाडे, कुजलेले गवत आणि पडलेल्या मातीच्या भिंतींचा ढिगारा साचत गेला की तेथील माती राखाडी-पांढरी, भुसभुशीत आणि चुनखडीयुक्त बनते. या मातीचे दोन उपयोग शेतकऱ्याला ठाऊक होते. पाणी सहसा झिरपू देत नाही म्हणून ती धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांवर पसरली जाई, आणि खत म्हणून ती गाड्या भरभरून शेतातही नेली जाई. या दुसऱ्या उपयोगामुळे अनेक प्राचीन टेकाडे कोरली जाऊन नाहीशी झाली. मात्र पुरातत्त्वज्ञांना जुन्या वस्त्या सापडण्याचे एक मुख्य साधनही हीच पांढरी ठरली, कारण काळ्या रानाच्या मधोमध नदीकाठी उठून दिसणारे पांढुरके टेकाड म्हणजे बहुधा मानवी वस्तीचा अवशेष असतो.

अशा टेकाडांच्या उत्खननांतून दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांनी जागा कशी निवडली हे समजते. प्रवरेच्या काठचे जोर्वे, नेवासे आणि दायमाबाद, तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे, गिरणेकाठचे बहाळ आणि घोड नदीच्या काठचे इनामगाव ही ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे दगडी हत्यारांबरोबर तांब्याचाही वापर होत असलेल्या काळातील, गावांची प्रमुख उदाहरणे आहेत. ही सर्व स्थळे नदीच्या लगत आहेत, सुपीक गाळाच्या आणि काळ्या जमिनीच्या पट्ट्यात आहेत. डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ पासून सुमारे दीड दशक उत्खनन केले आणि इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील एका शेतकरी गावाचे जीवन उजेडात आणले. तेथे नदीचे पाणी वळवून घेण्यासाठी खणलेला पाट आणि त्यालगतचा बांध सापडला. यावरून जागेची निवड केवळ पिण्याच्या पाण्यावर ठरत नव्हती, पाणी शेताकडे वळवता येईल का हेही पाहिले जात होते, असे म्हणता येते. कुंभार, सोनार यांसारख्या कारागिरांची घरे वस्तीच्या कडेला आणि सधनांची घरे मध्यभागी होती, असा निष्कर्ष उत्खननकर्त्यांनी काढला आहे.

इनामगावचा शेवटचा टप्पा निवडलेल्या जागेची मर्यादाही दाखवतो. इसवी सनपूर्व १००० नंतर तेथील प्रशस्त चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली, शेती खालावली आणि पशुपालनावर भर वाढला. पाऊसमान घटल्यामुळे हे घडले, असे उत्खननकर्त्यांपैकी मधुकर केशव ढवळीकर यांचे मत होते. अखेरीस गाव ओस पडले. नेवाशाच्या टेकाडावर मात्र ताम्रपाषाणयुगीन वस्तीनंतर खंड पडूनही सातवाहनकाळात आणि पुढे मध्ययुगात पुन्हा वस्ती झाली. एकदा सोडलेल्या जागेकडे शेकडो वर्षांनी वेगळ्याच लोकांनी परत यावे, याचे कारण त्या जागेच्या भूगोलात आहे : प्रवरेचे पाणी, उंच काठ आणि भोवतालची काळी जमीन हे गुण कोणत्याही काळातील शेतकऱ्याला तितकेच मोलाचे वाटणारे होते.

संस्कृत शास्त्रग्रंथांनीही वसाहतीचे नियम सांगितले आहेत, पण ते राज्यकर्त्याच्या किंवा स्थपतीच्या, म्हणजे वास्तुरचनाकाराच्या, दृष्टीतून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नवा जनपद वसवताना शंभर ते पाचशे कुटुंबांची, प्रामुख्याने शेती करणाऱ्या शूद्रांची गावे वसवावीत, त्यांच्या सीमा एक-दोन कोसांच्या असाव्यात, ती एकमेकांना संरक्षण देऊ शकतील अशा अंतरावर असावीत आणि नदी, डोंगर, अरण्य, बांध किंवा शमी-सावरीसारखी झाडे यांनी त्यांच्या सीमा दाखवाव्यात, असे सांगितले आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचे प्रकरण आहे. झाडे, वारुळे, माती आणि खडक यांच्या खुणांवरून भूगर्भातील पाण्याचा अंदाज कसा बांधावा याचे विवेचन त्यात येते. वास्तुशास्त्राने भूमीची एक सोपी परीक्षाही सांगितली आहे : हातभर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तीच माती पुन्हा त्यात भरावी, माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर झाली तर मध्यम आणि कमी पडली तर त्याज्य. जमिनीचा घट्टपणा जोखण्याची ही पद्धत होती. दख्खनच्या खेड्यांची प्रत्यक्ष मांडणी मात्र मानसारासारख्या ग्रंथांतील दंडक, नंद्यावर्त, स्वस्तिक अशा भौमितिक आराखड्यांनुसार झालेली क्वचितच दिसते. ग्रंथातील पाण्याचा आणि मातीचा विचार लोकांच्या अनुभवाशी जुळणारा होता, तर आराखड्यांचा विचार ग्रंथापुरताच राहिला, असे म्हणणे योग्य ठरेल.

पाण्याचा प्रश्न या पठारावर इतका कठीण का होता, हे येथील खडकाकडे पाहिल्यावर लक्षात येते. बेसाल्टचे थर एकावर एक बसलेले असून कठीण थरात पाणी मुरत नाही. ते भेगांत, झिजलेल्या मुरमात आणि दोन थरांच्या सांध्यात साठते. त्यामुळे एका ठिकाणी खणलेली विहीर बारमाही पाणी देते आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावरची दुसरी कोरडी निघते. पाण्याची जागा सांगणाऱ्या पाणाड्याला गावोगावी मान मिळाला, तो याच अनिश्चिततेमुळे. घाटमाथ्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडत आणि बायकांना वाळूत झिरे खणून पाणी भरावे लागे. म्हणून नदी असूनही गावात आड, बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, किंवा तळे असणे आवश्यक ठरे. खानदेशात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर लहान बंधारे घालून पाटाने पाणी फिरवण्याची फड पद्धत विकसित झाली. या पद्धतीत भिजणाऱ्या क्षेत्राचे फड नावाचे मोठे भाग पाडून एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे असते आणि पाण्याचे वाटप सामुदायिक असते. गावाची जागा आणि पाण्याची व्यवस्था या दोन गोष्टी किती एकजीव होत्या, हे या गावांतून दिसते. किल्ल्याच्या बाबतीतही हाच क्रम होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाची जागा ठरवताना आधी पाणी पाहावे, ते नसल्यास खडक फोडून टाकी करावीत आणि केवळ एका झऱ्यावर विसंबून राहू नये, असा स्पष्ट उपदेश आहे.

गाव वसवणे हे मध्ययुगीन राज्यांचे महत्त्वाचे धोरण होते, कारण युद्ध आणि दुष्काळ यांनी गावे वारंवार बेचिराख होत आणि लागवडीशिवाय महसूल मिळत नसे. ओसाड गाव पुन्हा वसवण्यासाठी सरकार कौल देई. कौल म्हणजे येऊन राहणाऱ्याला ठरावीक अटींवर दिलेले अभयाचे व सवलतीचे लेखी आश्वासन. त्याला जोडून इस्तावा ठरवला जाई. पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यायचा आणि पुढे दर वर्षी तो थोडा थोडा वाढवत नेऊन काही वर्षांनी पूर्ण दरावर आणायचा, अशी ही पद्धत होती. शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रात गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत, ज्याच्याजवळ माणसे आहेत पण बैल वा दाणे नाहीत त्याला ते पुरवावेत आणि दिलेले मुद्दल बिनव्याजी, त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल करावे, असा आदेश आहे. चांगली जमीन आणि पाणी असूनही बैल, बियाणे आणि भयमुक्ती यांच्यावाचून गाव वसत नाही, ही जाण त्या पत्रात आहे.

राहण्याचे गाव निवडण्याची मोकळीक मात्र सर्वांना सारखी नव्हती. मिरासदार, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेने हक्क असलेला शेतकरी, दुष्काळातही सहसा आपले गाव कायमचे सोडत नसे, कारण त्याची प्रतिष्ठा, गावसभेतील बसण्याची जागा आणि देवस्थानातील मान त्या मातीशी बांधलेले होते. उपरी, म्हणजे बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा कुणबी, मात्र जेथे कौल सोपा, पाटील समजूतदार आणि पाणी पुरेसे असेल तेथे जाऊ शकत होता. निर्वंश झालेल्या किंवा परागंदा कुटुंबांच्या जमिनीला गतकुळी म्हणत. ती उपऱ्याला लागवडीस मिळे, आणि पुढे त्यातील काहीजण मिरासदारही होत. लोकसंख्या वाढली की मूळ गावापासून वाडी फुटे, कधी नदीपलीकडे नवी वस्ती होई, आणि मग जुन्या मोठ्या गावाला बुद्रुक व धाकट्याला खुर्द अशी जोडनावे मिळत.

संरक्षणाची गरज गावाच्या आकारावर सर्वांत ठळकपणे उमटली. पठारावरील घरे एकमेकांना चिकटून, दाटीने बांधली जात. गावाभोवती माती-दगडाचे कूस, म्हणजे तटाची भिंत असे, तिला वेस हे प्रवेशद्वार असे आणि पाटील वा देशमुख यांची बुरूज असलेली गढी गावाच्या उंच भागावर असे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१८ पर्यंतच्या धामधुमीत, विशेषतः पेंढाऱ्यांच्या लुटीच्या काळात, खानदेश, वऱ्हाड आणि मराठवाडा येथील गावांना या भिंतींचाच आधार होता. मारुतीचे देऊळ वेशीजवळ आणि म्हसोबासारखे दैवत शिवेवर, अशी देवतांची स्थानेही या रचनेला अनुसरून ठरली.

कोकण आणि गोवा येथे हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. तेथे पाऊस भरपूर असल्यामुळे दाटीची गरज पाण्याने निर्माण केली नाही, आणि भातशेतीची सपाट जमीन थोडी असल्यामुळे घर त्या जमिनीवर बांधणे परवडणारे नव्हते. म्हणून डोंगराचा पायथा आणि भाताचा मळा यांच्या सीमेवर, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेने, माडापोफळीच्या आगरांत विखुरलेल्या वाड्या झाल्या. वरचा कातळ गुरांना आणि पावसाळी गवताला, खालची जमीन भाताला आणि मधला पट्टा घराला, अशी ही वाटणी होती. गोव्यात खाडीकाठच्या खारट दलदलीला बांध घालून तिची खाजण शेती करण्यात आली आणि भरती-ओहोटीचे पाणी मानस नावाच्या झडपेच्या दारांनी नियंत्रित केले गेले. ही व्यवस्था गावकरी या ग्रामसंस्थेकडे होती, जिच्या प्रथा १५२६ साली पोर्तुगीजांनी फोराल या सनदेत लिहून घेतल्या. पीक देणाऱ्या जमिनीवर घर नको, हे तत्त्व पठारावर आणि किनाऱ्यावर सारखेच राहिले.

या शहाणपणाचा गौरव करताना त्यातील अन्याय झाकून ठेवणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल. उंच, कोरडी, कुसाच्या आतली जागा गावातील सर्वांसाठी नव्हती. महारवाडा आणि मांगवाडा कुसाबाहेर असे, बऱ्याच गावांत उताराच्या बाजूला किंवा ओढ्याच्या खालच्या अंगाला. गावाला लुटीपासून वाचवणारी भिंत त्यांना वाचवत नसे आणि गावचा पाणवठा त्यांना बंद असे. याच समाजाकडे गावच्या शिवेची राखण होती, सीमेच्या वादात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई आणि वेसकर म्हणून वेशीचा पहाराही त्याच्याकडे असे. गावाची हद्द ज्याच्या स्मरणावर टिकून होती त्यालाच हद्दीतील चांगली जागा नाकारली गेली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्यावर केलेला सत्याग्रह हा मुळात पाण्याच्या जागेवरील समान हक्काचा लढा होता, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली ती याच अनुभवाच्या बळावर.

इंग्रजी अमलात गावाच्या जागेचा अर्थ बदलला. १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून सुरू केलेल्या पाहणी व जमाबंदीने प्रत्येक शेताला क्रमांक आणि सीमा मिळाली; पुढे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याकडे आला. पूर्वी गाव वाढले की पांढरीही हळूहळू पसरत असे. आता ती नकाशावरील रेषेत अडकली. दुसरीकडे लूटमारीचे भय संपल्यामुळे कूस ढासळू लागले, आणि १८८५ च्या सुमारास पाणी देऊ लागलेल्या नीरा डाव्या कालव्यासारख्या योजनांमुळे व पुढे विहिरींवरील पंपांमुळे शेतातच राहणे शक्य झाले. मळ्यातील वस्ती ही रचना वाढली ती या दोन कारणांनी. काळीवर घर बांधू नये हा नियम त्यातून शिथिल झाला.

विसाव्या शतकात धरणांमुळे आणि आपत्तींमुळे शेकडो गावांना जागा नव्याने निवडावी लागली, पण या वेळी निवड बहुधा गावकऱ्यांच्या हाती नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. तेथील मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे जड छप्पर उष्णतेपासून उत्तम संरक्षण देत होते, मात्र धक्क्यात त्याच भिंती जीवघेण्या ठरल्या आणि गावठाणातील दाटीने पळायला वाट ठेवली नाही. जो धोका पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवात नव्हता त्याचे उत्तर परंपरेकडे नव्हते. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये दरडीखाली गेले, तेव्हा डोंगरउतारावरील वस्त्यांचा प्रश्न पुन्हा पुढे आला. बदललेला पाऊस, उतारावरील खोदकाम आणि कमी झालेले जंगल यांमुळे एके काळी सुरक्षित वाटलेली जागा धोक्याची होऊ शकते, हे मान्य करून भूवैज्ञानिक पाहणीची जोड देणे आता अपरिहार्य आहे.

या दीर्घ इतिहासातून निघणारा निर्णय स्पष्ट आहे. पाणी भर उन्हाळ्यात पाहून जागा ठरवणे, पावसाळ्यात पाण्याची वाट अडणार नाही इतका उंचवटा आणि निचरा शोधणे, कसदार जमीन पिकासाठी राखणे आणि गायरान, पाणवठा व पाणंद म्हणजे शेताकडे जाणारा सामाईक रस्ता यांसाठी आधीच जागा सोडणे, हे जुन्या गावाचे नियम आजही खरे आहेत, आणि गावठाण विस्तार वा पुनर्वसन करणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीने व अधिकाऱ्याने ते पाळले पाहिजेत. जुन्या गावाने माणसांची जी वाटणी केली ती मात्र पूर्णपणे सोडून दिली पाहिजे. ज्या वसाहतीत उंच कोरडी जागा आणि बारमाही पाणी प्रत्येक घराला सारख्या अंतरावर मिळते, तिलाच राहण्यासाठी आदर्श म्हणता येईल.